भिंतीला पोट आलंय? पुट्टीच्या आधी दोरी बांधा

भिंत वाकडी आहे हे दिवसा कळत नाही. रात्री ट्यूब लावली की कळतं. ट्यूब भिंतीलाच चिकटवून बसवलेली असते, तिचा उजेड भिंतीला घासत खाली येतो आणि गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा आपल्याखाली सावली टाकतो. आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत अशीच होती. १२ फूट लांब, साडेनऊ फूट उंच, दार नाही, खिडकी नाही. मधोमध पोट आलेलं आणि डाव्या हाताला खड्डा. तिथं पूर्वी कोनाडा होता, तो कुणीतरी वीटतुकडे कोंबून बुजवला होता. त्यावर वर्षानुवर्षांचा डिस्टेंपर, एकावर एक.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलं. लोखंड सपाट करणं हेच काम, त्यामुळं भिंत म्हणजे काय मोठं, असं वाटलं. लक्ष्मीपुरीतनं पुट्टीचं पोतं आणलं आणि कोनाड्याचा खड्डा भरून टाकला. जाडी असेल चार-पाच मिलिमीटर. तिसऱ्या दिवशी उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या आणि आठवड्यानं नखानं उचलला तर तळहाताएवढा पापुद्रा हातात आला. शेजारी काम करणारा गवंडी पाणी प्यायला आला होता. बघून म्हणाला, "काका, पुट्टी म्हंजे पावडर हाय. भिंतीला पोट आल्यावर पावडर लावून काय उपेग?"

त्याचं बरोबर होतं. पुट्टीनं भिंत गुळगुळीत होते, सरळ होत नाही. सरळ करायची ती मालानं (कालवलेल्या सिमेंट-वाळूनं) आणि लांब सरळ पट्टीनं. आणि माल किती लागणार, कुठं लागणार, हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून या लेखात निम्मं मोजमाप आहे. ते वाचायचा कंटाळा येत असेल तर सरळ गवंडी बोलवा, पण त्यालाही मोजायला लावा.

आधी भिंत आजारी आहे का ते बघा

हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकत जा. टणक आवाज आला तर गिलावा विटेला धरून आहे. बदबद आवाज आला तर तो सुटलाय. सुटलेल्या भागाभोवती खडूनं गोल काढा. एक तृतीयांशाहून जास्त भिंत बदबद वाजत असेल तर तुकडे जोडत बसू नका, सगळा गिलावा उतरवा. जुन्या सुटलेल्या गिलाव्यावर नवा चढवला तर दोन्ही मिळून खाली येतात.

दुसरी गोष्ट ओल. आपल्याकडं हीच जास्त छळते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंग फुगलेला, पांढरा खार फुटलेला दिसतोय का? भिंतीच्या पलीकडं न्हाणीघर आहे का? २०१९ आणि २०२१ च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, सुतारवाडा या बाजूला ज्यांच्या घरात पाणी उभं राहिलं, त्यांना सांगायला नकोच की विटेत शिरलेला खार पाणी ओसरल्यावरही कितीतरी दिवस बाहेर येत राहतो. तपासायची सोपी रीत : हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूनं दव धरलं तर भिंतीच्या पोटात पाणी आहे. आधी ते कुठून येतंय ते शोधा. गळका नळ, फुटलेली टाइल, गच्चीवरून उतरणारा पाइप, काहीही असेल. ओल्या भिंतीवर केलेलं सगळं काम वाया जातं.

यातूनच हंगामाचा प्रश्न येतो. आपल्याकडं गणपतीच्या आधी घर रंगवायची हौस असते. म्हणजे जून-जुलैचा पाऊस खाऊन भिंती फुगलेल्या, हवेला ओल, आणि त्यावर आपण पुट्टी मारणार. होळीपर्यंत पोपडे निघतात आणि शिव्या रंगाला. दिवाळी झाल्यावर काम काढा. फेब्रुवारीपर्यंतचे महिने सगळ्यात चांगले. एप्रिल-मे चालतो, पण गिलाव्यावर पाणी जास्त वेळा मारावं लागतं.

पेठांतल्या जुन्या घरांबद्दल वेगळं सांगतो. भिंत दीड-दोन फूट जाड, दगड आणि मातीची असेल तर तिला सिमेंटचा गिलावा मानवत नाही. माती ओल घेते, सोडते, हलते; वरचं सिमेंट कडक आणि बंद, ते हलत नाही. मग सगळाच्या सगळा गिलावा पत्र्यासारखा सुटतो. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर नीरू (बारीक चुन्याचा गुळगुळीत थर), हीच जुनी रीत बरी. तेवढं जाणणारा गवंडी मिळाला नाही तर भिंतीपासून थोडं अंतर सोडून जिप्सम बोर्ड उभा करता येतो, पण आधी ओल थांबलेली पाहिजे. बोर्डामागं काय चाललंय ते नंतर दिसत नाही. इथून पुढचं सगळं विटेच्या, सिमेंटात बांधलेल्या भिंतीसाठी आहे.

सपाट आणि ओळंब्यात, या दोन वेगळ्या गोष्टी

वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत उभी सरळ आहे का ते बघायला) सोडला तेव्हा माझी भिंत वरच्या टोकाला २० मिलिमीटर मागं गेलेली निघाली. फिटरचा जीव, पहिला विचार आला की हिला ओळंब्यात आणू. मग हिशेब केला. वर २० मिलिमीटर जास्तीचा माल, खाली शून्य, म्हणजे सरासरी १० मिलिमीटर भिंतभर. शंभर किलोच्या पटीतला बोजा, आणि कशासाठी? साडेनऊ फुटांत २० मिलिमीटर कलंडलेली भिंत डोळ्याला दिसत नाही. तिच्यावरची लाट मात्र दिसते. म्हणून ठरवलं, भिंत तिच्या कलासकट राहू दे, फक्त सपाट करू.

याला अपवाद आहेत. भिंतीला लागून ओटा, फर्निचर किंवा टाइल बसवायची असेल तर ओळंबा आणि गुण्या (कोपऱ्याचा काटकोन) दोन्ही सांभाळावे लागतात. दाराची चौकट भिंतीत असेल तर ती आधी बघा. गिलावा चौकटीच्या पुढं आला तर दार पूर्ण उघडत नाही आणि कडेची पट्टी बसत नाही. चौकट जिथं आहे तिथंच नव्या भिंतीचं तोंड ठरतं. स्विचबोर्डाचा डबाही तसाच. गिलावा वाढणार असेल तर वायरमनकडून डबा आधीच पुढं आणून घ्या.

आता दोरी. भिंतीच्या चारी कोपऱ्यांत एकेक खिळा ठोका, प्रत्येक खिळा भिंतीच्या बाहेर बरोबर ४० मिलिमीटर. समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरप्या दोन दोऱ्या ताणून बांधा, गुणाकाराच्या खुणेसारख्या. मधे त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या तर चारी खिळे एका पातळीत आहेत. एकमेकींत फट राहिली किंवा एकीनं दुसरीला दाबलं, तर भिंतीला पीळ आहे. मग एखादा खिळा आत-बाहेर करून दोऱ्या टेकवा. हे पाच मिनिटांचं काम बरेच जण करत नाहीत आणि मग पट्टी मारताना एक कोपरा का जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

तिरप्या दोऱ्या सोडा. डाव्या आणि उजव्या टोकाला खिळ्यांतून उभ्या दोऱ्या बांधा आणि त्यांच्यामधे एक आडवी दोरी वर-खाली सरकवत न्या. दर दोन फुटांवर दोरीपासून भिंतीचं अंतर मोजायचं आणि तो आकडा तिथंच भिंतीवर पेन्सिलनं लिहायचा. माझ्या भिंतीवर ३५ आकडे आले. बहुतेक ३६ ते ४५ च्या मधले, सरासरी ४१. पोटावर २२. कोनाड्याच्या खड्ड्यात ५८.

हे आकडेच सगळं सांगतात. आकडा लहान तिथं भिंत पुढं आलेली, मोठा तिथं मागं गेलेली. पोटावर किमान ८ मिलिमीटर माल राहिला पाहिजे, त्याहून पातळ गिलावा टिकत नाही. म्हणजे पोट तसंच ठेवलं तर नवी भिंत दोरीपासून १४ वर येते आणि बाकी सगळीकडं सरासरी २७ मिलिमीटर माल चढवावा लागतो. त्याऐवजी पोट ठोकून बघितलं तर ते बदबद वाजत होतं. तेवढा गिलावा छिन्नीनं उतरवला, पुन्हा मोजलं, २२ चे ३२ झाले. नवी भिंत दोरीपासून २४ वर, सरासरी माल १७ मिलिमीटर. एका तासाच्या छिन्नीनं भिंतभर १० मिलिमीटर जाडी वाचली. १२ गुणिले साडेनऊ म्हणजे ११४ चौरस फुटांवर १० मिलिमीटर म्हणजे दोनशे किलोच्या वर माल. तो घमेल्यानं उचलून थापीनं मारायचा होता. त्या संध्याकाळी मी छिन्नीचे आभार मानले.

कुठल्या जाडीला काय लावायचं

जाडी दीड मिलिमीटरच्या आत असेल तर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, दोन हात (थर) मिळून. तेवढीच तिची मर्यादा, पोत्यावरही लिहिलेलं असतं. जुने रंगारी तिला 'लांबी' म्हणतात. दोन ते आठ मिलिमीटरपर्यंत जाड दाण्याची लेव्हलिंग पुट्टी मिळते, ती वेगळी मागून घ्यायची. नेहमीची पुट्टी जाड कालवून काम भागत नाही, माझा अनुभव वर सांगितलाच. त्याहून जास्त असेल तर गिलावा.

गिलावा सिमेंटचा की जिप्समचा? जिप्सम अर्ध्या तासात घट्ट होतो, त्याला पाणी मारावं लागत नाही, हाताला मऊ लागतो आणि नवशिक्याला पट्टी ओढायला सोपा जातो. १२-१३ मिलिमीटर जाडीला २५ किलोचं एक पोतं साधारण २० चौरस फूट जातं. मिसळताना पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, आणि घट्ट व्हायला लागलेला माल पुन्हा पाणी घालून ढवळायचा नाही. पण पाण्याला जिप्सम हरतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, पूररेषेतलं घर, ओल येऊन गेलेला खालचा भाग, इथं सिमेंटच. मी सिमेंट घेतलं, कारण गिलावा १७ मिलिमीटर होता आणि आमच्या भिंतीच्या पलीकडं बोळ आहे, पावसाचा मारा खाते.

तयारी

मेन स्विच बंद. बोर्डाच्या वर आणि खाली वायरचे पाइप सरळ रेषेत गेलेले असतात, तिथं छिन्नी जपून. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, हाताला रबरी मोजे. ओलं सिमेंट कातडं खातं. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं सोलतात.

जुना डिस्टेंपर पाणी मारून पत्र्यानं (पुट्टी लावायच्या पातळ पोलादी पात्यानं) पूर्ण खरवडा. रंगावर गिलावा धरत नाही. जो जुना गिलावा टणक आहे आणि राहणार आहे, त्यावर दर दोन इंचांवर छिन्नीनं टोचे मारा. कंटाळवाणं काम आहे, हात भरून येतो, पण नव्या मालाला धरायला तेवढंच असतं. जिथं वीट उघडी पडली तिथं सांधे अर्धा इंच खोल कोरून घ्या. वीट आणि काँक्रीटचा कॉलम जिथं भेटतात तिथं आणि वायरसाठी खणलेल्या चरावर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) खिळ्यांनी ठोका, दोन्ही बाजूंना किमान चार इंच पसरेल इतकी. दोन्ही साहित्य वेगवेगळं तापतं, वेगवेगळं हलतं, त्यामुळं जाळी नसेल तर त्याच रेषेत भेग येते.

आदल्या दिवशी संध्याकाळी भिंत पाण्यानं भिजवा, सकाळी पुन्हा. वीट पाणी पिते. कोरडी ठेवली तर ती मालातलं पाणी ओढते आणि माल भुसभुशीत होतो. काम सुरू करताना मात्र भिंतीवर पाणी चकाकत असता कामा नये. ओलसर, पण हाताला पाणी लागत नाही, अशी.

ठिय्ये

गवंडी ज्याला ठिय्या म्हणतो तो म्हणजे तळहाताएवढा मालाचा चौकोन, त्यावर टाइलचा तुकडा दाबून बसवलेला. टाइलचं तोंड म्हणजे उद्याच्या भिंतीचं तोंड. दोरीपासून २४ मिलिमीटर, प्रत्येक ठिकाणी तेवढंच. मी उभ्या रांगा साडेचार-पाच फुटांवर धरल्या, कारण माझी पट्टी सहा फुटी होती आणि ती दोन्ही ठिय्यांवर टेकायला हवी.

पट्टी म्हणजे दोन बाय एक इंची अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप. नवा आहे म्हणून सरळ असेल असं धरू नका. जमिनीवर तिच्या कडेनं पेन्सिलची रेघ ओढा, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधे दुसरी रेघ ओढा. रेघा एकमेकींवर बसल्या तर पट्टी सरळ. मधे फट दिसली तर पट्टीचा बाक त्या फटीच्या निम्मा. मी दुकानातच फरशीवर हे करून चौथी पट्टी पसंत केली. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

ठिय्ये एक दिवस वाळू द्या. दुसऱ्या दिवशी उभ्या रांगेतल्या ठिय्यांमधे चार इंच रुंदीचा मालाचा पट्टा भरून पट्टीनं सारखा करा. असे तीन उभे पट्टे झाले की बाकी भिंत म्हणजे दोन पट्ट्यांमधली भर.

माल

आतल्या गिलाव्याला एकास चार चालतं, एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू, त्याच घमेल्यानं मोजून. सिमेंट पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) घ्या, गिलाव्याला तेच बरं. ५० किलोचं पोतं म्हणजे साधारण सव्वा घनफूट. माझ्या भिंतीला, सांडलवंड धरून, पावणेदोन पोती सिमेंट आणि साडेआठ घनफूट वाळू लागली. वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते, घमेलं भरतं पण वाळू कमी येते, म्हणून ओल्या वाळूचं घमेलं थोडं चढतं घ्या. आता नदीची वाळू विसरा, क्रशरचीच मिळते. त्यात गिलाव्याची वेगळी, बारीक असते ती मागा आणि तरी चाळा. मुठीत दाबून हात उघडल्यावर तळव्याला पिठासारखं चिकटलं तर त्यात पूड फार आहे, अशा वाळूच्या गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात.

कोरडं दोनदा पालटून एकरंगी करा, मग पाणी. माल थापीवर थरथरला पाहिजे, ओघळता कामा नये. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवा. एकट्या माणसाला दोन-तीन घमेली पुरतात. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करणं म्हणजे फसवणूक आहे, आपली आपल्यालाच.

एका हातात १५ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. आकडा मोठा आहे तिथं आधी एक थर द्या, तो थोडा धरल्यावर थापीच्या टोकानं आडव्या-तिडव्या रेघा ओढा आणि दुसऱ्या दिवशी वरचा हात. कोनाड्याच्या खड्ड्यात ३४ मिलिमीटर भरायचं होतं, तिथं मी तीन दिवस घेतले.

मारणं आणि ओढणं

माल लावायचा नसतो, मारायचा असतो. थापीवर मूठभर माल घ्या, भिंतीपासून फूटभर अंतरावरून मनगटाच्या झटक्यानं फेका. तो फटकन बसला पाहिजे. लोण्यासारखा चोपडला तर मागं हवा राहते. पहिल्या तासात माझा निम्मा माल खाली पडला. खाली स्वच्छ फळी टाकून ठेवा, पडलेला लगेच उचलता येतो. दुपारपर्यंत हात बसला, म्हणजे चौथा हिस्साच पडत होता.

खालून वर मारत जा, दोन पट्ट्यांमधला भाग त्यांच्यापेक्षा किंचित फुगीर भरा. मग पट्टी दोन्ही पट्ट्यांवर टेकवून खालून वर ओढा, ओढताना करवतीसारखी डावी-उजवी हलवत. जास्तीचा माल पट्टीवर गोळा होतो, तो घमेल्यात. जिथं खळगा दिसेल तिथं थोडा माल मारून पुन्हा पट्टी. तिसऱ्या वेळी पट्टीखालून सगळीकडं सारखा खरखर आवाज आला की झालं. मधेच आवाज बंद पडला तर तिथं पट्टी अधांतरी आहे.

आता थांबा. सगळ्यात अवघड हेच. बोट दाबून बघा, ठसा उठतो पण बोटाला माल चिकटत नाही, अशी वेळ आली की लाकडी रंधा (सुताराचा नव्हे, गवंड्याची मूठ लावलेली सपाट फळी) गोल-गोल फिरवा. लवकर फिरवला तर वाळू रंध्याबरोबर ओढली जाते, उशीर झाला तर रंधा नुसता घसरतो. थंडीत तास-दीड तास लागतो, उन्हाळ्यात त्याच्या निम्मा.

इथं एक मोह होतो आणि गवंडीही करतात : कोरडं सिमेंट शिंपडून गुरमाळ्यानं (लोखंडी सपाट थापीनं) चकचकीत करणं. करू नका. वरची सिमेंटची साय आक्रसते, जाळीदार भेगा पडतात आणि तिच्या गुळगुळीत अंगावर पुट्टी धरत नाही. रंध्याची खरखर तशीच राहू द्या.

टाइलचे तुकडे दुसऱ्या दिवशी काढून खळगे भरा. त्याच दिवसापासून दिवसातून तीनदा पाणी, किमान ७ दिवस, पीपीसी असल्यामुळं मी १० दिवस मारलं. पाइपचा जोर नको, फवारा हवा. पंखा बंद.

मग भिंत सोडून द्या. चार आठवडे. पाणी बाहेर पडायचं असतं आणि ताज्या सिमेंटचा क्षार रंगाला सोसत नाही. घरात रोज विचारणा होते, "अहो, ही भिंत अशीच राहणार का?" राहू दे म्हणावं.

खडूची युक्ती

आमच्या कामात दोन सपाट लोखंडं जुळवताना एकावर निळा रंग पुसून दुसऱ्यावर घासतात. उंचवट्याला निळं लागतं, तेवढंच खरवडायचं, पुन्हा घासायचं. भिंतीला मी तेच केलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीच्या कडेला रंगीत खडू जाड चोळला आणि वाळलेल्या गिलाव्यावर पट्टी उभी, आडवी, तिरपी घासली. उंच जागांवर खडू उतरला, खोल जागा कोऱ्या राहिल्या. उंच दाणे जाड पॉलिश पेपर लावलेल्या लाकडी ठोकळ्यानं उतरवले. कोऱ्या राहिलेल्या जागा पेन्सिलनं घेरून ठेवल्या, पुट्टी पहिल्यांदा तिथं. नंतर ओल्या फडक्यानं खडू पुसून काढायचा, नाहीतर पुट्टी धरणार नाही. पट्टीखाली कुठंही दोन-तीन मिलिमीटरच्या वर फट राहिली नाही, घरच्या भिंतीला एवढं पुष्कळ झालं.

पुट्टी, घासकाम, रंग

किलोला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी. कालवा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा कालवा. दोन-तीन तासांत संपवा. भिंत हलकी ओली करा. पहिला हात खालून वर, पत्रा भिंतीशी घट्ट धरून, जवळजवळ खरवडल्यासारखा. तो वाळला की दुसरा हात आडवा. छोट्या पत्र्यानं काम भराभर होतं, पण छोटा पत्रा भिंतीच्या प्रत्येक खळग्यात उतरतो आणि खळगा तसाच ठेवून वर येतो. रुंद पत्रा घ्या, फूट-सव्वा फुटाचा. हात दुखतो, भिंत सुधारते. ११४ चौरस फुटांना दोन हातांत ८ किलोच्या आसपास गेली.

रात्रभर वाळल्यावर घासकाम. आधी १५० नंबरचा पेपर, मग २२०. पेपर तळहाताला गुंडाळून घासू नका, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. हात मऊ असतो, तो खळग्यातही उतरतो. खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून उजेड आडवा पाडा आणि सावली दिसेल तिथं ठोकळा फिरवा. दाराला ओली चादर लावा. आम्ही लावली नाही, आणि पुढचे चार दिवस भाकरीच्या पिठाच्या डब्याच्या झाकणावरही पुट्टीच होती.

धूळ पुसून प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. चकाकणारा रंग घेऊ नका, तो उरलेलं सगळं वाकडेपण चहाडी केल्यासारखं दाखवतो. मॅट घ्या, रोलरनं मारा.

लोखंडी कपाट पुन्हा भिंतीला लावलं तेव्हा खाली टेकलं आणि वर जेमतेम दीड सेंटीमीटर फट राहिली, कारण कल आम्ही तसाच ठेवला होता. माझी सहा फुटी पट्टी त्या फटीत मावत नाही, ती अजून दारामागं उभी आहे. पण गुंडाळी केलेली लाइनदोरी आणि पेन्सिल तिथं छान अडकून राहतात.